रेल्वे येऊ दे, पण ओढा वाहू दे



मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरी सगळी इंजिनिअर्समध्ये, म्हणजे पूल, रस्ते, मोऱ्या आणि चिखल. निवृत्तीनंतर बेळगाव तालुक्यातल्या माझ्या गावी राहतो. आजचा विषय नव्या रेल्वेमार्गाचा आहे, पण मी तो रेल्वेच्या बाजूनं मांडणार नाही आणि विरोधकांच्या बाजूनंही नाही. गावाच्या हद्दीतून नवा मार्ग जाणार असं कळल्यावर ग्रामपंचायतीनं काय करावं, तिच्या हातात नेमकं काय असतं, एवढंच सांगणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. या पट्ट्यात माझी स्वतःची एक एकर दहा गुंठे जमीन आहे. म्हणजे मी तटस्थ नाही. माझं बोलणं त्या हिशेबानं ऐका.

बेळगावहून धारवाडला रस्त्यानं गेलात तर साधारण पंचाहत्तर किलोमीटर. रेल्वेनं गेलात तर आधी खाली लोंढ्याला, तिथून अळणावर, मग धारवाड. सुमारे १२० किलोमीटर. हा रेल्वेमार्ग १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेनं टाकला तेव्हा त्यांना गोव्याचं बंदर जोडायचं होतं. आज बेळगावच्या माणसाला हुबळी-धारवाडला जायचं असतं, आणि तो बस धरतो. म्हणून कित्तूरमार्गे सरळ रेल्वेची मागणी जुनी आहे. २०१९ मध्ये बेळगावचे खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री झाले आणि मागणीला जोर आला. २०२० च्या सप्टेंबरात कोरोनानं ते गेले, पण प्रकल्प पुढे सरकला. लांबी सुमारे ७३ किलोमीटर, खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा, जमीन राज्य सरकारनं द्यायची.

मार्ग कागदावर आला तेव्हा देसूर, नंदिहळ्ळी, राजहंसगड, गर्लगुंजी या भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. रेल्वे न्या, पण पिकाऊ जमिनीतून नेऊ नका, जवळ पडीक माळ आहे, तिथून न्या. त्यांनी पर्यायी मार्गही सुचवला. हा भाग ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, पावसाळ्यात इथं भात, माळाकडेला रताळी, पुढे बटाटा, भाजीपाला, पाण्याची सोय असेल तिथं ऊस. वर्षातून दोन पिकं देणारी जमीन आहे.

आता ग्रामसभेत पहिला प्रश्न कोणता येतो? "रेल्वे हवी की नको?" सगळीकडे हाच येतो. आणि सभा दोन तासांत फाटते. ज्याची जमीन जाते तो एका बाजूला, ज्याची जात नाही तो दुसऱ्या बाजूला. ज्याला जमीनच नाही तो म्हणतो, काम सुरू झालं तर मला चार दिवस मजुरी मिळेल. पोरं म्हणतात, स्टेशन झालं तर धारवाडला कॉलेजला जाता येईल. यातला कुणीच चुकीचं बोलत नाही. माझे चुलतभाऊ आणि त्यांचा मुलगा एकाच घरात राहून या प्रश्नावर एकमेकांशी बोलत नाहीत.

पण त्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही, हे आधी समजून घ्या. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे केंद्राच्या यादीत आहे, नोंद क्रमांक २२. पंचायतीनं "नको" असा ठराव केला तर तो ठराव फाइलला लागतो, मार्ग थांबत नाही. पालघर जिल्ह्याकडे पाहा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या विरोधात तिथल्या अनेक ग्रामसभांनी ठराव केले. तो अनुसूचित क्षेत्राचा भाग, तिथं १९९६ चा पेसा कायदा आहे. त्या कायद्यात भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी विचारविनिमय करावा असा शब्द आहे. संमती घ्यावी असा नाही. जानेवारी २०२४ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केलं की त्या प्रकल्पाची सगळी जमीन ताब्यात आली आहे.

मग पंचायतीच्या हातात काय? घटनेची अकरावी अनुसूची उघडा, ७३ व्या दुरुस्तीनं आलेली. एकोणतीस विषय आहेत. त्यात रस्ते, मोऱ्या आणि पूल आहेत. लघुसिंचन, पाण्याचं व्यवस्थापन आणि पाणलोट विकास आहे. म्हणजे रेल्वे केंद्राची, पण रेल्वे ज्या ओढ्यावरून आणि ज्या गाडीवाटेवरून जाणार, तो ओढा आणि ती वाट हा तुमच्या पंचायतीचा विषय आहे. बोलायला तुमच्याकडे जागा आहे ती इथं. आणि ही जागा लहान नाही.

कशी, ते आता सांगतो.

रेल्वेचा रूळ रस्त्यासारखा वळत नाही आणि चढत नाही. शंभर मीटरला एक मीटर चढ हासुद्धा मालगाडीला जड जातो. म्हणून जमीन खाली गेली की भराव घालायचा, वर आली की खोदून काढायची. एकेरी मार्गाच्या भरावाचा माथा साधारण आठ मीटर रुंद असतो. बाजूचा उतार एकास दोन धरला तर सहा मीटर उंच भरावाचा पाया किती होतो? दोन्ही बाजूंना बारा-बारा, मधले आठ, म्हणजे बत्तीस मीटर. एका किलोमीटरला सव्वातीन हेक्टरच्या आसपास, म्हणजे आठ एकर. आपल्या देशात सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे १.०८ हेक्टर आहे. हिशेब तुम्हीच करा. एका किलोमीटरच्या भरावाखाली तीन कुटुंबांच्या सगळ्या जमिनीएवढं क्षेत्र जातं, पण प्रत्यक्षात ते तीस-चाळीस कुटुंबांच्या तुकड्यांतून जातं.

आणि गेलेल्या जमिनीपेक्षा उरलेल्या जमिनीचा प्रश्न अवघड असतो. शेत मधून कापलं गेलं की विहीर एका बाजूला आणि ऊस दुसऱ्या बाजूला. आमच्या सभेत एका आजींनी विचारलं होतं, "साहेब, माझी म्हस पलीकडं चरायला कशी जाणार ते सांगा, बाकी मला काय बी नको." सभेतले काही जण हसले. पण त्या दिवशीचा सगळ्यात नेमका प्रश्न तोच होता. नव्या मार्गांवर आता फाटकं ठेवत नाहीत. एक तर वरून पूल, नाही तर खालून भुयारी वाट. ती वाट अर्ध्या किलोमीटरवर असेल तर आजींची म्हैस जाईल. तीन किलोमीटरवर असेल तर आजी म्हैस विकतील. आणि भुयारी वाट ओढ्याच्या पातळीत काढली तर पावसाळ्यात तिच्यात कमरेएवढं पाणी साचेल, आणि भाताच्या लावणीला ट्रॅक्टर नेता येणार नाही.

पाण्याचं तर त्याहून गंभीर. भराव म्हणजे शेतातून घातलेलं धरणच. पाणी जाण्यासाठी त्यात मोऱ्या ठेवतात. मोरी कमी पडली किंवा चुकीच्या जागी बसली तर वरच्या अंगाचं शिवार तुंबतं आणि खालच्या अंगाचं कोरडं पडतं. आणि हा धोका फक्त शेतकऱ्याचा नाही. २९ ऑक्टोबर २००५ ला तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, आताच्या तेलंगणात, वलिगोंडाजवळ एक तलाव फुटला. त्या लोंढ्यानं रेल्वेचा लहानसा पूल वाहून गेला, आणि पहाटे आलेली पॅसेंजर गाडी त्यात कोसळली. शंभराहून अधिक माणसं गेली. म्हणून "या ओढ्याला पाणी किती येतं" हे गावकऱ्यानं रेल्वेला सांगणं म्हणजे अडथळा आणणं नव्हे. गाडीत बसणाऱ्याच्या जिवासाठीही ते सांगणं गरजेचं आहे.

आता कायदा. घाबरू नका, तीनच गोष्टी सांगतो.

पहिली. जमीन कोणत्या कायद्याखाली घेतली जाते आहे ते नोटिशीवर वाचा. रेल्वे कायदा १९८९ मध्ये २००८ साली प्रकरण चार-अ घातलं गेलं, कलम २०-अ ते २०-प. "विशेष रेल्वे प्रकल्प" जाहीर झाला की त्याखाली जमीन घेता येते. तिथं हरकत घ्यायची मुदत ३० दिवस, आणि ती अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात, तुम्हाला कळल्यापासून नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली घेत असतील तर प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवस. कर्नाटकात औद्योगिक क्षेत्र विकास कायदा १९६६ चा वापरही होतो. तिथं कलम २८ खाली मालकाला नोटीस येते, उत्तराला ३० दिवस. कायदा बदलला की दिवस बदलतात आणि अर्ज कुणाकडे करायचा तेही बदलतं. पुष्कळ अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊन पडतात, ते यामुळे.

२०१३ चा कायदा आला तेव्हा सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा झाला, असं आपण ऐकतो. पण त्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात तेरा कायदे वगळले आहेत आणि रेल्वे कायदा त्यात आहे. २८ ऑगस्ट २०१५ च्या केंद्राच्या आदेशानं मोबदला आणि पुनर्वसन मात्र २०१३ च्या दरानं द्यायचं ठरलं. तसंच पर्यावरण मंजुरीसाठी जी २००६ ची अधिसूचना आहे, तिच्या यादीत रेल्वेमार्ग नाही. म्हणजे धरणाला किंवा खाणीला होते तशी जनसुनावणी रेल्वेला आपोआप होत नाही. तुमची वैयक्तिक लेखी हरकत आणि तिच्यावरची सुनावणी, हाच काय तो दरवाजा.

दुसरी गोष्ट मोबदल्याची. लोक दराबद्दल भांडतात आणि ते योग्यच आहे. पण जमिनीचे दोन तुकडे पडल्यामुळे उरलेल्या तुकड्याचं जे नुकसान होतं, त्याचीही भरपाई कायद्यात आहे. २०१३ च्या कायद्यात कलम २८ आहे, रेल्वे कायद्यात कलम २०-फ आहे. ती मागावी लागते. विहीर कुठे राहिली, पाइपलाइन कुठे तुटली, उरलेल्या अकरा गुंठ्यांत औत फिरतं का, हे लिहून द्यावं लागतं.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोलाची, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. रेल्वे कायद्याचं कलम १६. मार्गाला लागून असलेल्या जमिनींसाठी वाटा, पूल, मोऱ्या, पाण्याचे मार्ग रेल्वेनं स्वतःच्या खर्चानं करून द्यायचे आहेत. पाणी आधी जितक्या मोकळेपणानं वाहत होतं तितकंच, किंवा शक्य तितकं तसंच, वाहिलं पाहिजे असं त्यात लिहिलं आहे. ही कामं मार्ग बांधताना किंवा लगेच नंतर करायची असतात, आणि मार्ग सुरू होऊन दहा वर्षं झाली की त्या कलमाखाली नवीन काही मागता येत नाही. मग येतं कलम १७. केलेलं काम जमीनमालकाला कमी वाटलं, किंवा पंचायतीला रुळाखालून नवा रस्ता काढायचा असला, तर मागता येतं, पण खर्च मागणाऱ्याचा. म्हणजे आज एका ओळीत मागून जी मोरी मिळू शकते, तीच उद्या पंचायतीला स्वतःच्या पैशानं बांधावी लागेल. कोणत्या ग्रामपंचायतीकडे रुळाखालून पूल घालायचे पैसे आहेत?

म्हणून आम्ही गावात काय केलं ते सांगतो.

सैन्यात शिकवतात की नकाशा पाहा, पण त्याच्यावर निर्णय घेण्याआधी जमीन पायाखाली घाला. आम्ही जुलैमध्ये, भर पावसात, गावच्या हद्दीतली प्रस्तावित रेघ चालत गेलो. पंचायत सदस्य, तीन म्हातारे शेतकरी, दोन गुराखी, चार बायका आणि मोबाइल घेतलेली दोन पोरं. बायकांना मुद्दाम बोलावलं, कारण भांगलणीला रोज कुठून कुठे जातात ते त्यांना माहीत. माझ्याजवळच्या नकाशावर चार निळ्या रेघा होत्या. आम्हाला अकरा ठिकाणी वाहतं पाणी सापडलं. सात ठिकाणचं पाणी फक्त पावसाळ्यात येतं, म्हणून ते नकाशावर नाही. गुराख्यांनी दोन गाडीवाटा दाखवल्या, त्या कुठल्याच कागदावर नव्हत्या, पण निम्मं गाव त्यांवरून शेतात जातं. स्मशानाची वाटही रेघेच्या पलीकडे जाते हे चालताना ध्यानात आलं. प्रेत घेऊन माणसं कुठून जाणार, हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता.

पोरांनी प्रत्येक ठिकाणाचा फोटो काढला, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश टिपले, सर्वे नंबर लिहिला. म्हाताऱ्यांनी सांगितलं की मोठ्या पावसात पाणी कुठल्या झाडापर्यंत येतं. त्या झाडावर खूण केली आणि उंची मोजली. एकोणीस मुद्द्यांचा तक्ता तयार झाला. ग्रामसभेत तो वाचला तेव्हा पहिल्यांदाच भांडण झालं नाही. ज्यांना रेल्वे हवी तेही म्हणाले, मोऱ्या हव्यात. ज्यांना नको तेही म्हणाले, येणारच असली तर मोऱ्या हव्यात. ठराव एकमतानं झाला. मार्ग माळावरून न्यावा ही मागणी त्यात पहिली, आणि तसं होणार नसेल तर हे एकोणीस मुद्दे. एक मागणी मान्य झाली नाही म्हणून दुसरी हातची जाऊ नये, अशी रचना ठेवली.

माझे चुलतभाऊ म्हणाले, "दुसरी मागणी लिहिलीस म्हणजे तू पहिली सोडलीस." त्यांचं हे म्हणणं मी हलकं मानत नाही. दोन पर्याय दिले की समोरचा सोपा उचलतो, ही भीती खरी आहे. माझं उत्तर असं की पुराव्याशिवाय पहिलीही मागणी टिकत नाही. कोकण रेल्वेच्या वेळी गोव्यात काय झालं? खाजन जमिनींतून भराव घालू नका म्हणून १९९२-९३ मध्ये मोठं आंदोलन झालं, काम थांबलं, आयोग नेमला गेला, आणि शेवटी मार्ग बव्हंशी ठरल्या जागीच राहिला. काम हाती घेतल्यावर आखणी हलवणं जवळपास अशक्य असतं. उलट उदाहरण कॅसलरॉक ते कुळे या घाटमार्गाच्या दुपदरीकरणाचं. वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीनं परवानगी दिली होती. केंद्रीय उच्चाधिकार समितीनं तपशीलवार अहवाल दिला, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती परवानगी रद्द केली. नीट अभ्यास करून पुन्हा प्रस्ताव आणायची मुभा ठेवली. तिथं जंगल होतं, कायदा वेगळा होता, हे मान्य. पण न्यायालयासमोर उभा राहिला तो अहवाल, घोषणा नव्हे.

आमच्या गावचं पुढे काय होईल? हरकती दाखल आहेत. माझी एक एकर दहा गुंठे जाईल की राहील मला माहीत नाही. चुलतभाऊ अजून माझ्यावर नाराज आहेत, पण सुनावणीला सोबत येणार आहेत.

शेवटी एक गोष्ट खास तुमच्यासाठी, जे इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली इथं बसून हे ऐकत आहात. तुमची जमीन गावी आहे. उताऱ्यावर बहुतेक अजून आजोबांचं नाव असेल. नोटीस त्यांच्या नावानं येईल, बंद घराच्या दारावर चिकटवली जाईल, आणि ३० दिवस निघून जातील. गावात राहणारा निदान चावडीवर ऐकतो, तुम्ही ऐकणार नाही. तेव्हा दिवाळीला गावी जाल तेव्हा वारसा नोंद करून घ्या. उताऱ्यावर विहीर, झाडं, पाइपलाइन लागली आहे का पाहा. गावातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा की सर्वेवाले आले, खुंट्या ठोकल्या, तर त्याच दिवशी फोन कर. नोटीस कानडीत असो, तेलुगूत असो की गुजरातीत, जाणकाराकडून शब्दन् शब्द समजून घ्या, आणि हरकत त्याच भाषेत द्या जी तो अधिकारी वाचतो. मराठी प्रत ग्रामसभेसाठी ठेवा. दिलेल्या प्रत्येक कागदावर पोच घ्या, तारखेसह.

मी आयुष्यभर रेल्वेनं फिरलो. जम्मूपासून दिमापूरपर्यंत. रुळाच्या दोन्ही बाजूंना दिसणारी शेतं खिडकीतून फार सुंदर दिसतात. त्या शेतांत जायची वाट राहिली आहे की नाही, ते खिडकीतून दिसत नाही. ते पाहायचं काम गावाचं आहे, आणि ते रूळ टाकायच्या आधीच करावं लागतं.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. जय हिंद.